चौथा रकाना

शेवटचा पेपर झाल्यावर काही दिवस नुसते झोपेत गेले. मग एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारून प्रत्येक पानावर पाच रकाने पाडले आणि नोकरी शोधायला बसले. तारीख, कंपनी, पद, कुणाशी बोलले, उत्तर. अभ्यासाचं वेळापत्रक करावं तसंच मी हेही केलं. रोज सकाळी पोर्टल उघडायचं, जाहिराती वाचायच्या, तोच बायोडेटा जोडायचा, बटण दाबायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. अडीच महिन्यांत ७१ ओळी झाल्या. पाचव्या रकान्यात ११ नकार होते. उरलेल्या ६० ओळींपुढे एक छोटी आडवी रेघ होती, म्हणजे तिकडून काहीच आलं नव्हतं. नकार परवडला पण ही रेघ नको, असं तेव्हा वाटायचं. नकारात निदान कुणीतरी आपलं नाव वाचलेलं असतं.

एका दुपारी वर्गातली एक मैत्रीण घरी आली. तिलाही अजून काही मिळालं नव्हतं. वही चाळता चाळता तिचं बोट चौथ्या रकान्यावर थांबलं.

"हा एवढा कोरा का गं?"

"कुणाशी बोलणार? अर्ज ऑनलाइन असतात सगळे."

"म्हणजे ७१ ठिकाणी अर्ज केलेस आणि एकाही माणसाशी बोलली नाहीस?"

तिने हे सहज विचारलं होतं. मी मात्र वही मिटून ठेवली आणि विषय बदलला. रात्री पुन्हा उघडली. रकाना मीच आखला होता, म्हणजे कुणाशी तरी बोलायला हवं हे मला आतून ठाऊक होतंच. तरी तिथे एक अक्षर नव्हतं. का नव्हतं, याचा विचार करत मी बराच वेळ बसले, आणि जे सापडलं ते आजही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींमध्ये मला दिसतं.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी जे शब्द आहेत ते ऐकूनच माणूस मागे सरतो. वशिला लावणं. ओळख काढणं. शब्द टाकायला सांगणं. हात पसरणं. मी ही सगळी एकाच पोत्यात भरून टाकली होती. स्वतःच्या गुणांवर नोकरी मिळवायची तर कुणाला काही विचारायचं नाही, अशी माझी पक्की समजूत होती आणि मला तिचा अभिमानही होता. पण वशिला म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची जागा काढून आपल्याला देणं. तुमच्याकडे काम कसं चालतं, माणसं कशी घेतात, माझ्यासारखीने काय शिकून यावं, हे विचारल्याने कुणाची जागा जात नाही. या दोन गोष्टींमधला फरक मला पदवी हातात पडेपर्यंत कुणी सांगितला नाही. सांगायला हवा होता. निकालाच्या दिवशी सगळे पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देतात, पण त्या वाटेवर कुणाला काय विचारायचं हे सांगत नाहीत.

पुढे कामाच्या निमित्ताने मी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाबद्दल वाचलं, तेव्हा तो कोरा रकाना पुन्हा डोळ्यांसमोर आला. त्यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन इथल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ जणांकडून एक साधी गोष्ट जाणून घेतली: ही नोकरी तुम्हाला कळली कशी? जवळपास ५६ टक्के जणांना ती ओळखीच्या माणसाकडून कळली होती. इथवर नवल नाही. पण त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही कितीदा भेटत होता, असं काही जणांना खोलात जाऊन विचारलं, तेव्हा नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेट होणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, आणि वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडल्या होत्या.

कारण अगदी सरळ आहे. जिवलग मैत्रिणीला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीतच असतं. आमचा वर्ग घ्या. आम्ही सगळे त्याच पोर्टलवर, त्याच ग्रुपमध्ये आलेली तीच जाहिरात एकमेकांना पाठवत होतो. दोन वर्षं पुढे असलेली, जिच्याशी आपलं एकदाच बोलणं झालं, ती रोज वेगळ्या माणसांत बसते. आपल्या कानावर कधीच न येणाऱ्या गोष्टी तिच्या कानावर पडतात. ग्रॅनोव्हेटर यांचे ते २८२ जण सगळे पुरुष होते, शिकलेसवरलेले, आधीपासून नोकरीत असलेले. तेव्हा तो हिशेब नव्याने पदवी घेतलेल्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा अभ्यास आला, आणि त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा बेताच्या विरळ ओळखी नोकरी बदलायला जास्त कामी आल्याचं दिसलं. अगदीच नावापुरत्या ओळखींचा तेवढा उपयोग झाला नाही. कुठेतरी एकत्र बसलेलो, काहीतरी एकत्र केलेलं, एवढा धागा हवा.

जाता जाता एक सांगते, कारण नकार घेऊन बसलेल्याला हे कळायला हवं. लांबच्या ओळखींच्या बळावरचा ग्रॅनोव्हेटर यांचा तो लेख पहिल्यांदा १९६९ मध्ये एका मोठ्या नियतकालिकाने साभार परत केला होता. तो छापून आला १९७३ मध्ये, दुसरीकडे. आज समाजशास्त्रात सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्या लेखांत त्याची गणना होते.

माझा पहिला फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो. आमच्याच विभागातली दोन वर्षं पुढची एक मुलगी. एकदा तिच्याकडून प्रॅक्टिकलची जर्नल घेतली होती आणि परत करताना दारात पाच मिनिटं बोललो होतो, एवढीच ओळख. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं. मैत्रीण समोर बसली होती, ती म्हणाली, "वाचू नकोस, नुसता हातात धर." तीनदा नंबर लावून तीनदा तोडला. चौथ्यांदा तिने उचललाच.

"ताई, मी तुमच्या जर्नलवरून पास झालेली मुलगी. नोकरी मागायला फोन नाही केला. तुमच्या कामाबद्दल विचारायचंय. पंधरा मिनिटं मिळतील का, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा?"

ती हसली. "आत्ताच बोल की."

"तुम्ही सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं काय करता?"

हा प्रश्न मैत्रिणीने सुचवला होता. मला तो फार बाळबोध वाटला होता. पण त्यावर ती जी बोलायला लागली ती थांबेना. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्या जुळत नाहीत, मग त्या जुळवण्यात सकाळ जाते. हे काम कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि ज्याला येतं त्याला सगळे शोधत असतात. त्यांच्याकडे जागा निघाली की टीमचा प्रमुख आधी आपल्याच माणसांना विचारतो, "कुणी आहे का पाहण्यात?" जाहिरात त्यानंतर निघते. मी वहीत लिहीत होते. ७१ अर्ज करून जे कळलं नव्हतं ते आठ मिनिटांत कळलं.

मग ती म्हणाली, "बायोडेटा पाठव, बघते." बोलता बोलताच तिने तो उघडला. वरची ओळ मोठ्याने वाचली: परिश्रमी, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारी.

"ही ओळ सगळ्यांच्या बायोडेटात असते गं. तू केलंयस काय?"

"तसं काही नाही ताई. सुट्टीत लायब्ररीत बसायचे फक्त."

"बसून काय करायचीस?"

दोन सुट्ट्या मी कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी संगणकावर चढवत होते. सुमारे ३,२०० पुस्तकं. त्यात एकच पुस्तक दोन दाखल क्रमांकांनी लागलेलं, असं दीडशेच्या आसपास ठिकाणी सापडलं होतं. त्याची वेगळी यादी करून मी ग्रंथपालांना दिली होती.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "अगं, मी आत्ता तुला माझी सकाळ सांगितली. ती हीच आहे. हे कुठे लिहिलंयस?"

कुठेच लिहिलं नव्हतं. मला ते काम वाटलंच नव्हतं. पगार नव्हता, पदाचं नाव नव्हतं, प्रमाणपत्र नव्हतं. त्या रात्री मी वरची ओळ खोडली आणि तिच्या जागी ग्रंथालयाच्या दोन सुट्ट्या लिहिल्या, आकड्यांसकट. बायोडेटावर हजार सल्ले मिळतात. एका पानात बसवा, जाहिरातीतले शब्द त्यात येऊ द्या, अक्षरं तपासा. सगळे बरोबर आहेत आणि सगळे पाळावेत. पण आपण केलेल्या कामातलं 'काम' कुठलं हे स्वतःला दिसत नाही. त्यासाठी ते काम रोज करणारं माणूसच समोर लागतं.

फोन ठेवताना मी विचारलं, "अजून कुणाशी बोलू?" तिने दोन नावं दिली. चौथ्या रकान्यात पहिली नोंद झाली आणि तिच्याखाली लगेच दोन ओळी वाढल्या.

दुसऱ्या दिवसापासून मैत्रीण रोज दहाला यायची. एक टेबल, दोन खुर्च्या, एक वही. दहा ते एक. एकीने फोन करायचा, दुसरीने ऐकायचं आणि नंतर सांगायचं की कुठे घाई झाली, कुठे गयावया झाली. मुलाखतीची तयारीही तशीच. प्रत्येक प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नको. आपण खरंच केलेल्या पाचसहा गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत, म्हणजे अडचण काय होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. बहुतेक प्रश्नांना त्यांतलीच एखादी पुरते. या भागावर मी जास्त लिहीत नाही, सराव केला की तो येतोच.

आम्ही दोघी जे टेबलाशी करत होतो त्याला नाव होतं हे मला फार उशिरा कळलं. नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'जॉब क्लब'चा प्रयोग प्रसिद्ध केला. नोकरी शोधणाऱ्यांनी एकेकट्याने घरी बसून झुरण्याऐवजी गटात जमायचं, जोडीदार धरायचा, एकमेकांसमोर फोन करायचे, कुठे जागा आहे हे सगळ्यांना सांगायचं. दोन महिन्यांत क्लबातल्या ९० टक्के लोकांना काम मिळालं. त्यांच्याशी तुलनेसाठी निवडलेल्या, एकेकट्याने शोधणाऱ्यांत ते प्रमाण ५५ टक्के होतं. शिक्षण तेच, बाजार तोच. एवढा फरक माणसं एकत्र बसल्याने पडावा, हे वाचताना माझ्या अंगावर शहारे आले होते.

पण एकत्र बसणं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. एका जागेसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला. बोलावणं तिला आलं. ती सांगायला आली तेव्हा दारातच घुटमळली. मी "अरे वा" म्हटलं आणि आत जाऊन बाथरूमचा नळ सोडला. ती मुलाखत देऊन थेट माझ्याकडे आली, चप्पलही न काढता टेबलाशी बसली आणि म्हणाली, "लिही." मग तिला विचारलेले सगळे प्रश्न तिने एकामागून एक सांगितले. कशावर अडली, कशावर ते खूश झाले, सगळं. मी लिहीत गेले. वहीचं ते पान माझ्याकडे अजून आहे. ती जागा तिलाही मिळाली नाही. पण त्या पानावरचे चार प्रश्न दीड महिन्याने मला विचारले गेले.

त्या काळात दोन वाईट अनुभवही आले. एका कंपनीने तीन फेऱ्या घेतल्या, मग 'तुमची कामाची पद्धत बघायचीय' म्हणून घरी करायला काम दिलं. त्यात माझे पूर्ण दोन दिवस गेले. त्यानंतर ना होकार, ना नकार. चार मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. आज मी स्वतः माणसं निवडायला बसते तेव्हा प्रत्येकाला उत्तर जातं, नकार असला तरी दोन ओळींचं, कारणासकट. ते मी त्या दोन दिवसांतून शिकले. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीशिवायच निवड झाल्याचा मेल आला आणि त्यात प्रशिक्षणासाठी अनामत रक्कम भरायला सांगितली होती. मैत्रीण समोर नसती तर मी पैसे भरले असते, इतकी थकले होते. म्हणून सांगते, कामाला घेण्याआधी जो तुमच्याकडे पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नाही. त्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

थकवा हा या काळातला सर्वांत मोठा शत्रू आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना काय दिसलं? लोकांकडे वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी ते वाचलं आणि मला माझे ते पहिले अडीच महिने दिसले. दिवसभर लॅपटॉपसमोर असायचे, पण खरं काम दोन तासांचंही नसायचं. म्हणून दहा ते एक. त्यानंतर वही बंद. दुपार आपली, बिनअपराधी. नोकरी नसलेल्या माणसाला सुट्टी घ्यायचाही अधिकार आहे.

आणि मनात साठलेलं लिहून काढा. १९९४ मध्ये स्पेरा, ब्युरफाइंड आणि पेनबेकर या संशोधकांनी नोकरी गेलेल्या लोकांना त्याबद्दलच्या भावना काही दिवस मोकळेपणाने लिहायला लावल्या. त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं. त्यांची धडपड वाढली असं नव्हे, नोकरीकडे बघण्याची नजर निवळली. वहीच्या मागच्या पानांपासून उलटं मीही लिहीत असे. मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर आपल्या आवाजातला कडवटपणा आपल्याला ऐकू येत नाही, समोरच्याला येतो. तो कागदावर सांडलेला बरा.

ज्यांच्या नशिबी मंदीचं वर्ष येतं त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. तीच पदवी, तेच गुण, फक्त साल चुकलं. कॅनडातल्या पदवीधरांवर ओरिओपौलस, फॉन वाख्टर आणि हाइस या अर्थतज्ज्ञांनी केलेला, २०१२ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की मंदीत सुरुवात करणाऱ्यांची मिळकत पहिल्यांदा ९ टक्क्यांच्या आसपास कमी राहते, आणि ती तूट भरून यायला दहा वर्षांपर्यंत लागू शकतात. जे ती भरून काढतात ते बहुतेक हळूहळू अधिक चांगल्या ठिकाणी सरकून. तेव्हा पहिली नोकरी मनासारखी नसली तर ती घ्या, पण तिथे बसून राहू नका. आणि नोकरी लागली म्हणून चौथा रकाना बंद करू नका.

कुणी म्हणेल, ज्यांच्या घरात आजवर कुणी ऑफिसची पायरी चढलेलं नाही त्यांनी कुणाशी बोलायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि त्यावर "नेटवर्किंग करा" असं फेकून देणं मला क्रूर वाटतं. ज्याच्याकडे ओळखी आहेत त्यालाच आणखी मिळतात. पण सुरुवात नातेवाइकांपासूनच करावी लागते असं नाही. मागच्या दोन बॅचची यादी कॉलेजात असते. प्रयोगशाळेतले सहायक असतात, एकदा व्याख्यानाला आलेला पाहुणा असतो, ग्रंथपाल असतात. माझी पुढची एक नोंद आमच्या ग्रंथपाल मॅडमचीच होती. त्यांनी माझ्या त्या यादीबद्दल दोन ओळींचं पत्र दिलं, न मागता. बाकीची जबाबदारी फोनच्या या टोकाला बसलेल्यांची, म्हणजे आता माझी आहे.

मला नोकरी लागली ती त्या ताईंनी दिलेल्या दुसऱ्या नावाने सुचवलेल्या तिसऱ्या माणसाकडून. त्यांना मी तोवर भेटलेही नव्हते. जागेची जाहिरात निघाली, रीतसर अर्ज केला, दोन मुलाखती झाल्या. कुणी शब्द टाकला नाही. फक्त ती जागा निघणार आहे आणि तिथे नेमकं कुठलं काम अडलंय, हे मला आधी माहीत होतं. मैत्रिणीला माझ्या महिनाभर आधीच काम लागलं होतं. तरी ती शनिवारी यायची आणि वही उघडायची.

गेल्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला: 'मॅडम, आपल्याकडे व्हेकन्सी असल्यास कळवावे ही विनंती.' सोबत बायोडेटा. मी कळवलं की सध्या जागा नाही, पण तुला काही विचारायचं असेल तर विचार. एक दिवस काही आलं नाही. मग त्याने लिहिलं, 'तुमच्या कामात तुम्हाला सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो?' मी त्याला फोन केला. पंचवीस मिनिटं बोललो, शेवटी दोन नावं दिली. त्यांतल्या एकीला त्याने परवा फोन केला. दुसऱ्यांना अजून केलेला नाही, धीर होत नाही म्हणतो. उद्या सकाळी दहाला मी त्याला माझ्याकडे बोलावलंय. इथून करू म्हटलं.